जन्माची प्रकृती आणि आजची तक्रार

माझ्या भाचीने आमच्या जेवणाच्या टेबलाशी बसून पंधरा-वीस मिनिटांत माझी प्रकृती काढली, ती वात-पित्त. पुढे तिच्याच कॉलेजच्या रुग्णालयात वैद्य मॅडमनी तासाभराहून जास्त वेळ घेऊन काढली, ती पित्त-कफ. दोन्ही वेळा उत्तरं मीच दिली होती आणि दोन्ही वेळा खरी दिली होती. मग एवढा फरक का पडला, हे समजून घेताना आयुर्वेदातल्या प्रकृतीकडे, म्हणजे वात, पित्त आणि कफ या तीन दोषांपैकी जन्मापासून कुणाचा जोर असतो त्याकडे, मी पहिल्यांदा नीट पाहिलं. ट्रेनमध्ये, ऑफिसात, नातेवाइकांत ‘मी वाताची’, ‘आमचे हे पित्ताचे’ असं सर्रास बोललं जातं आणि तेवढ्यावर माणसं आपलं ताट बदलतात, काढे पितात, गोळ्याही घेतात. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहिते आहे.

मी ४८ वर्षांची. ठाण्यात चरईत राहते, वाशीला एका बँकेत नोकरी करते. माहेर पंढरपूरकडचं. मूळची तब्येत दणकट, पण अलीकडे एकेक तक्रार सुरू झाली होती. पहाटे तीनच्या सुमारास जाग यायची आणि मग डोळ्याला डोळा लागायचा नाही. पोट साफ व्हायचं नाही. पायांच्या टाचा आणि हातांची कातडी कोरडी पडायची. दुपारनंतर आंबट ढेकर. एसीत बसलं की हातपाय गार, आणि मधेच कधीतरी अंगातून वाफ निघाल्यासारखं होऊन घाम फुटायचा. पाळी अनियमित झाली होती आणि आली की फार जायचं. संध्याकाळी ठाण्याला उतरून स्टेशनचा जिना चढताना दम लागायचा. यातली प्रत्येक गोष्ट वेगळी आहे आणि वयाची आहे, असं समजून मी चालले होते.

भाची नेरुळला बीएएमएस या आयुर्वेदाच्या पदवीच्या शेवटच्या वर्षाला होती. २०२४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात आयुष मंत्रालयाने देशभर प्रकृती परीक्षणाचं अभियान घेतलं होतं. आयुर्वेदाचे विद्यार्थी, शिक्षक आणि वैद्य फोन घेऊन घरोघरी, सोसायट्यांत, ऑफिसांत गेले आणि महिन्याभरात एक कोटीहून जास्त लोकांचं परीक्षण झालं. भाचीचा वर्गही त्यात उतरला होता. त्याआधी सराव म्हणून ती तिच्या वहीतली प्रश्नावली घेऊन माझ्यासमोर बसली. झोप कशी? पोट कसं? त्वचा कशी? थंडी सोसते का? मी आत्ता जसं आहे तसं सांगत गेले आणि बेरजेत वात वर आला, त्याच्या मागे पित्त.

तिने ते कागदावर लिहिलं, पण समाधान काही तिच्या चेहऱ्यावर दिसेना. “मावशी, हे पक्कं धरू नकोस. तू लहानपणापासून अशी नव्हतीस ना! एकदा आमच्या मॅडमना दाखव. सकाळी रिकाम्या पोटी ये, जुने रिपोर्ट आण, आणि आजीला बरोबर घेऊन ये.”

आजी म्हणजे माझी आई. थंडीपुरती ती आमच्याकडे राहायला आलेलीच होती. माझ्या तपासणीला तिचं काय काम, हे तिलाही कळेना. तरी शनिवारची सुट्टी बघून आम्ही दोघी ठाण्याहून नेरुळची गाडी पकडून गेलो. केसपेपर काढला, कायचिकित्सेच्या, म्हणजे औषधोपचाराच्या, ओपीडीत नंबर लावला. आत वैद्य मॅडम, दोन इंटर्न आणि भाची. मी सवयीने झोपेची तक्रार सांगायला सुरुवात केली. मॅडमनी ती लिहून घेतली आणि मग पेन खाली ठेवून म्हणाल्या, “ताई, हे आजचं झालं. याच्याकडे येऊच. आता तुम्ही विशीत असताना कशा होतात ते सांगा. आणि जिथे आठवणार नाही तिथे आई सांगतील.”

पुढचा बराच वेळ आईच बोलत होती.

भूक कशी होती? “वेळेला ताट नाही आलं तर घर डोक्यावर घ्यायची. आणि खायची बक्कळ.” उन्हाळा सोसायचा? “कुठला सोसतोय! दर उन्हाळ्यात घोळणा फुटायचा. कांदा फोडून नाकाशी धरायचो.” दूध प्यायल्यावर पोटात काही व्हायचं? मी म्हणाले, नाही. आई म्हणाली, “दूध-मनुका दिल्या की दुसऱ्या दिवशी दोनदा पळायचीस.” झोप? इथे तर आई हसायलाच लागली. आषाढीला आमच्या दारावरून रात्रभर दिंड्या जायच्या, टाळ-मृदंग चालायचे, आणि मी ओसरीवर गाढ झोपलेली असायचे. पाठांतर? उशिरा व्हायचं, पण एकदा झालेलं जायचं नाही. (ते खरं आहे, शाळेतल्या कविता मला अजून येतात.) राग? चटकन यायचा. चाल? संथ. केस? जाड, पण पंचविशीतच पांढरे दिसायला लागले. घाम? भरपूर.

मी सोबत नेलेला लग्नातला फोटो मॅडमनी नीट पाहिला. भरलेले खांदे, गोल मनगटं, नितळ कातडी, गालावर आणि मानेवर तीळ. तीळ मोजतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. चरकसंहिता या आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथाच्या विमानस्थान या भागात प्रकृतीचं जे वर्णन आहे, त्यात प्रत्येक लक्षण दोषाच्या एकेका गुणाला बांधलेलं आहे, असं मॅडम इंटर्नना सांगत होत्या आणि मी ऐकत होते. पित्त उष्ण, म्हणून ऊन सोसत नाही, अंगावर तीळ-वांग येतात, केस लवकर पिकतात. ते तीक्ष्ण, म्हणून भूक जबर. ते द्रव, म्हणून घाम आणि मल जास्त. कफ स्निग्ध, म्हणून अंग तुकतुकीत. मंद, म्हणून हालचाल सावकाश. गाढ झोप आणि टिकाऊ स्मरण हीही कफाचीच मानतात. वात रूक्ष, म्हणून अंग कोरडं, आवाज फाटका, झोप कमी. चल, म्हणून हातपाय, भुवया, नजर सतत हलती. शीत, म्हणून थंडी बाधते. बाहेर जी लक्षणांची यादी फिरते ती पाठ करून काही हाती लागत नाही. गुण कळला की लक्षण आपोआप समजतं, आणि उपायही तिथूनच निघतो.

त्यानंतर प्रत्यक्ष तपासणी. जीभ पाहिली, मागच्या बाजूला पांढरा थर होता. पोट दाबून पाहिलं. हातापायांचे सांधे वाकवून पाहिले. नखं, दात, डोळ्यांचा पांढरा भाग, तळहातांची ऊब. डाव्या हाताची नाडी तीन बोटांनी धरली: अंगठ्याकडून पहिल्या बोटाखाली वात, मधल्याखाली पित्त, तिसऱ्याखाली कफ. स्त्रीचा डावा आणि पुरुषाचा उजवा हात पाहायची रीत आहे. मला वाटलं, खरा निकाल आता नाडीतच लागणार. पण मॅडमनी इंटर्नना बजावून सांगितलं की नाडीचं सविस्तर वर्णन चरक आणि सुश्रुत यांच्या जुन्या ग्रंथांत नाही, ते नंतरच्या शार्ङ्गधर संहितेपासून पुढे येतं; नाडी बघायचीच, पण फक्त मनगट धरून प्रकृती सांगण्याची घाई करायची नाही.

सगळ्यात नवल वाटलं ते मोजमापाचं. भाचीने आधी माझ्या बोटाची रुंदी घेतली आणि त्या अंगुळांत माझी उंची आणि पसरलेल्या दोन्ही हातांची लांबी मोजली. चरकांनी उंची ८४ अंगुळं सांगितली आहे आणि हातांचा पसारा तेवढाच असावा असं म्हटलं आहे. अंगुळं ज्याची त्याची. दुसऱ्या कुणाच्या तक्त्याशी मला ताडून पाहायचं नव्हतं, माझंच शरीर माझ्याच मापाने मोजायचं होतं. आयुष्यभर वजनकाट्याशेजारच्या तक्त्याकडे बघून ओशाळलेल्या बाईला हे किती बरं वाटलं असेल, ते ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

याला दशविध परीक्षा म्हणतात. प्रकृती हा त्यातला पहिला मुद्दा. त्यानंतर विकृती (आजचा बिघाड), सार (शरीरघटकांची प्रत), संहनन (बांधा), प्रमाण (मोजमाप), सात्म्य (सवयीने मानवणारं), सत्त्व (मनोबल), आहारशक्ती, व्यायामशक्ती आणि वय. मी इतकी वर्षं प्रकृती हेच सगळं आयुर्वेद समजत होते. ती दहातली एक बाब आहे, आणि दुसरी बाब, विकृती, तिच्या अगदी शेजारी बसवलेली आहे. माझ्या दोन वेगळ्या उत्तरांचं कोडं तिथेच सुटलं. मी बँकेतली बाई, मला ते असं पटलं: प्रकृती म्हणजे खातं कोणत्या प्रकारचं आहे ते, आणि विकृती म्हणजे आजची शिल्लक. बचत खातं आज रिकामं झालं म्हणून ते चालू खातं होत नाही.

भाचीच्या प्रश्नावलीत मी आजची शिल्लक सांगत होते. कोरडी त्वचा, तुटकी झोप, गार हातपाय, बद्धकोष्ठ ही सगळी वाताची लक्षणं, पण ती माझी जन्माची नव्हती. ती अलीकडे आलेली होती. गर्भ राहतो त्या वेळी ज्या दोषाचं प्राबल्य असतं त्यावर प्रकृती ठरते, असं सुश्रुत सांगतात, आणि ती पुढे बदलत नाही असंही सांगतात. बदलतात ते दोष, आणि तेही रोज, ऋतूगणिक, वयागणिक.

“तुमची प्रकृती पित्तप्रधान, कफाची जोड असलेली,” मॅडम म्हणाल्या. “आणि आज बिघडलाय तो वात. आता वात का बिघडला, ते शोधू.”

या वाक्याने माझ्या तपासणीची दिशा बदलली. वात दोन कारणांनी प्रकुपित होतो असं चरक म्हणतात: एक धातुक्षय, म्हणजे शरीरातले धातू, रक्त-मांसासारखे घटक, झिजणं, आणि दुसरं मार्गावरोध, म्हणजे त्याच्या वाटेत काहीतरी अडणं. मॅडमनी खालच्या पापण्या पुन्हा ओढून पाहिल्या, पाळीचं बारकाईने विचारलं आणि रक्ताच्या तपासण्या लिहून दिल्या: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), थायरॉइड, साखर, बी १२. शिवाय स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाऊन सोनोग्राफी करून घ्यायला सांगितलं. औषध त्या दिवशी दिलंच नाही. “रिपोर्ट आल्याशिवाय नाही. इतका रक्तस्राव होतोय तो का, हे आधी कळू दे.”

हिमोग्लोबिन ९.४ आलं. फेरिटिन बरंच कमी. थायरॉइड आणि साखर ठीक, सोनोग्राफीत काळजीचं काही नाही. जिना चढतानाचा दम, थकवा, केस गळणं यांतलं बरंचसं त्या ९.४ मधे होतं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी लोहाच्या गोळ्या आणि पाळीसाठी औषध दिलं. वैद्य मॅडमनी ती यादी स्वतः पाहिली, एकही गोळी बंद करायला सांगितली नाही, आणि मग त्यांच्या बाजूचं सुरू केलं.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. मी नुसत्या वात-पित्ताच्या शिक्क्यावर घरी बसले असते, तर वातावर उपाय म्हणून तीळ-लसणाच्या मागे लागून अंगातलं रक्त कमी होतच राहिलं असतं. प्रकृती कळली म्हणजे आजार कळला असं नाही. आणि कुणी प्रकृती सांगून रक्तदाबाच्या, साखरेच्या, थायरॉइडच्या गोळ्या बंद करायला लावत असेल, तर तिथून उठून यावं. घोडबंदर रोडवरच्या एका मॉलमधे माझ्या ऑफिसातल्या मैत्रिणीचं बोट एका यंत्रावर ठेवून कुणीतरी प्रकृतीचा रंगीत कागद छापून दिला आणि त्याच कागदाबरोबर काही हजारांची पावडरींची पेटी गळ्यात मारली. तिला मधुमेह आहे, हे कुणी विचारलंही नाही. मला त्याचा अजून राग येतो.

धातुक्षयाबरोबर बाकी कारणंही होतीच. चाळिशीच्या पुढच्या टप्प्यावर शरीर पित्ताच्या वयातून वाताच्या वयाकडे सरकायला लागतं. लहानपण कफाचं, मधलं वय पित्ताचं, उतारवय वाताचं. पाळी जाण्याच्या सुमारास हे सरकणं एकदम जाणवतं. त्यात माझा दिनक्रम. मॅडमनी सकाळपासून रात्रीपर्यंत विचारला आणि मी सांगत गेले तसा मलाच तो ऐकू आला. सकाळी चहावर निघणं, ट्रेनमध्ये उभ्याने प्रवास, दिवसभर एसी, भुकेच्या वेळी टेबलावरचा चिवडा नाहीतर खाकरा, जेवणाचा डबा कधी एकला तर कधी तीनला, रात्रीचं जेवण दहाच्या पुढे आणि त्यानंतर फोन. कोरडं, गार, अनियमित, सतत हलतं. वाताचे गुण मी दिवसभर गोळा करत होते. पित्ताच्या माणसाची भूक मारली की आधी आग होते, आणि ते वर्षानुवर्षं चाललं की अग्नीची, म्हणजे पचनशक्तीची, घडीच विस्कटते. त्याला विषमाग्नी म्हणतात: कधी कडकडून भूक, कधी अन्नावर वासना नाही. माझं अगदी तेच झालं होतं.

पथ्य म्हणून मला मोठी यादी मिळेल आणि त्यात आवडीचं सगळं खोडलेलं असेल अशी माझी समजूत होती. मिळालं ते फार साधं होतं. दुपारचं जेवण साडेबारा-एकच्या आत, काही झालं तरी. रात्रीचं आठच्या आसपास, हलकं, गरम, ओलसर: मुगाची खिचडी, भाताची पेज, दुधी-पडवळ-दोडक्याची भाजी, वर चमचाभर तूप. रात्री दही नाही. दुपारी जिरं घातलेलं ताजं ताक चालेल. सकाळी भिजवलेल्या मनुका. आवळा कसाही खा, कारण तो आंबट असूनही पित्त वाढवत नाही. अंघोळीआधी अंगाला तेल, निदान पाय, पोटऱ्या आणि कंबर. थंडीत तिळाचं, उकाड्यात खोबरेल. पहाटे जाग आली तर घड्याळ आणि फोन बघायचा नाही.

भाकरीवरून मात्र चर्चा झाली. मी वाचलं होतं की ज्वारी रूक्ष, ती वाताला नको. म्हणून मी भाकरी सोडून भातावर यावं का? मॅडमनी आईकडे पाहिलं. “लहानपणापासून काय खाल्लंय हिने?” आई म्हणाली, “ज्वारीच. दुसरं काय पिकतंय आमच्याकडे!” “मग भाकरी सोडू नका. ती तुम्हाला सात्म्य आहे. नुसती कोरडी खाऊ नका, लोणी किंवा तूप लावा, सोबत पातळ भाजी घ्या. शेंगदाण्याची तिखटजाळ चटणी तेवढी कमी करा.” सात्म्य म्हणजे जे शरीराला सवयीने मानवलेलं आहे ते. आई त्या दिवशी ओपीडीतून बाहेर पडली ती ताठ मानेने. ठाण्यासारख्या दमट हवेत राहूनही कोरड्या मुलखातल्या माणसाचं पोट आपली ओळख ठेवतं, हे तिला कुणीतरी पहिल्यांदा सांगितलं होतं.

घरात याचं काय होणार, ही माझी खरी चिंता होती. नवरा सडपातळ, थंडीला भिणारा, किल्ल्या कुठे ठेवल्या ते रोज विसरणारा. मुलगा जाडजूड, सकाळी उठता न उठणारा, बारा महिने सर्दीचा. एका घरात माणशी एक स्वयंपाक कोण करणार? पण तसं करावंच लागलं नाही. तुरीची आमटी एकच होते. तिच्यात चिंचेऐवजी आमसूल आणि हिरवी मिरची बेताची, ते माझ्यासाठी. नवऱ्याच्या वाटीत वरून तूप सढळ आणि आल्याचा कीस. मुलाच्या ताटात तूप कमी, भाकरी, आणि ताकात सुंठ-मिरपूड. फोडणी एक, फरक वाढताना. जुन्या बायका पंगतीत वाढताना कुणाला काय जास्त आणि काय कमी हे न विचारता बघायच्या, ते काय होतं ते मला आता उमगलं. जांभळी नाक्यावर भाजी घेताना माझा हात हल्ली आपोआप पडवळ आणि दोडक्याकडे जातो. पूर्वी या भाज्या मुलगा खात नाही म्हणून मी आणतच नव्हते.

भाचीशी माझे वादही झाले. मी विचारलं, हे सगळं कुणी तपासून पाहिलंय का? तिने मला दिल्लीच्या सीएसआयआर-आयजीआयबी या जनुकशास्त्राच्या संस्थेतल्या भावना पराशर आणि मिताली मुखर्जी यांच्या चमूचं काम सांगितलं. २००८ साली त्यांनी निरोगी पण एकाच दोषाचं ठळक प्राबल्य असलेली माणसं निवडली आणि त्यांच्या रक्तातल्या घटकांत आणि जनुकांच्या कामात गटागटाने फरक सापडतो का ते पाहिलं, फरक सापडले. पुण्यात औषधांचं यकृतात विघटन करणाऱ्या सीवायपी२सी१९ या जनुकावर काम झालं. २०११ मधे प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात पित्त प्रकृतीत वेगाने विघटन करणाऱ्यांचं आणि कफ प्रकृतीत सावकाश विघटन करणाऱ्यांचं प्रमाण जास्त आढळलं. हे वाचून मला उत्सुकता वाटली आणि आदरही वाटला. पण माझं मत असं की यातून ‘तीन प्रकृती म्हणजे तीन रक्तगट’ असं काही सिद्ध होत नाही. अभ्यास लहान आहेत, आणि ठळक एकेरी प्रकृतीची माणसं त्यांत निवडून घेतलेली आहेत. प्रत्यक्षात बहुतेक माणसं माझ्यासारखी दोन दोषांची जोड असलेली. शास्त्रातच सात प्रकार आहेत: तीन एकेरी, तीन जोड्या आणि तिन्ही समान असलेला एक. समान असलेली माणसं निरोगी, आणि बाकीची वातल, पित्तल, श्लेष्मल (वात, पित्त किंवा कफ जास्त असलेली) माणसं नेहमीच थोडी आजारी, असं चरक स्पष्ट म्हणतात. म्हणजे कुठली प्रकृती मिरवण्यासारखी नाही आणि कुठली लाजण्यासारखीही नाही. आपण कुठल्या बाजूला कलणार ते तेवढं आधी कळतं, आणि त्या गुणाच्या उलट गुणाचं वागणं ठेवायचं.

हे ‘आधी कळणं’ वर्षभरात हळूहळू खरं होत गेलेलं मी पाहिलं. मार्चमधे, वसंतात, थंडीत साठलेला कफ पातळ होतो. तेव्हा मी ठीक होते, मुलगा मात्र नाक गळत बसला. पाडव्याला कडुनिंबाची पानं गूळ-जिऱ्याबरोबर सगळ्यांनी खाल्ली. दरवर्षी खातो, पण या वर्षी मी मुलाला दोन पानं जास्त दिली. पावसाळा सुरू झाला तसे नवऱ्याचे गुडघे बोलू लागले आणि माझ्या पोटात वायू धरू लागला. पावसाळा वाताचा, अग्नीही मंद. आम्ही दोघांनी गरम पाणी, मुगाचं कढण, हिंग-ओव्याची फोडणी यांवर दिवस काढले आणि स्टेशनबाहेरच्या भज्यांचा मोह बराचसा टाळला. याच दिवसांत पित्त आत साठत असतं.

आणि मग ऑक्टोबर. पाऊस उघडला, ठाण्याचं ऊन तापायला लागलं आणि माझं मूळचं पित्त उफाळून वर आलं. एकदा तोंड आलं, एकदा अंगावर गांधी उठल्या. पूर्वी मी हे ‘उष्णता झाली’ म्हणून सोडून दिलं असतं. आता मला माहीत होतं की शरद ऋतू माझ्यासारख्यांचा कसोटीचा काळ. तिखट बंद केलं, दुपारचं ऊन टाळलं, धणे-जिरे भिजवलेलं पाणी, दूध-तूप, डाळिंब, आवळा चालू ठेवले. कोजागिरीला गच्चीवर चांदण्यात ठेवलेलं गार दूध प्यायचं ते याच ऋतूत, हे त्या रात्री सोसायटीतल्या बायकांना सांगताना मला मनापासून आनंद होत होता. दोन-तीन दिवसांतच तोंड बरं झालं.

झोप पूर्ववत झाली म्हणणार नाही. दिंडीच्या आवाजात झोपणारी मुलगी आता परत यायची नाही. पण पहाटेची जाग आली तरी बहुधा पुन्हा डोळा लागतो. पोट नियमित झालं, त्याला काही आठवडे लागले, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा जेवणाच्या वेळेचा होता, असं मी अनुभवाने सांगते. टाचांच्या भेगा तेलाने भरल्या. हिमोग्लोबिन ११.६ वर आलं, आणि त्याचं श्रेय लोहाच्या गोळ्यांना आणि आटोक्यात आलेल्या पाळीलाही तितकंच आहे. वैद्य मॅडमही तेच म्हणाल्या.

पित्ताच्या माणसाला शरदात विरेचन, म्हणजे औषध देऊन जुलाब, देतात. मी त्यासाठी विचारलं होतं, कारण ओळखीतल्या काही जणींनी ते करून घेतलं होतं आणि त्यांना हलकं वाटत होतं. मॅडमनी नाही म्हटलं. रक्त नुकतंच भरून येतं आहे, वात अजून पुरता शमलेला नाही. अशा शरीराला आत्ता असं शोधन (शुद्धी) झेपणार नाही. फेरिटिन वर येऊ दे, पुढच्या वर्षी पाहू. तोवर दर तीन महिन्यांनी रक्त तपासायचं आणि ऋतू बदलला की एकदा दाखवून यायचं. पुढच्या खेपेला नवराही येतो म्हणाला आहे. त्याचं लहानपण सांगायला सासूबाईंना रत्नागिरीहून आणणं काही जमणार नाही, म्हणून प्रश्न आधीच मागवून घेतले आहेत आणि रविवारी फोन लावून त्यांची उत्तरं मी वहीत उतरवून ठेवणार आहे.